कंपनाचे रीडिंग भरवशाचे कसे घ्यावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मकरपुरा, नंदेसरी, रणोली, पोर आणि सावलीकडच्या कारखान्यांत देखभाल विभागात काम करणारी वडोदऱ्याची मराठी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. कारखान्यातले शब्द जसे बोलले जातात तसेच ठेवले आहेत. सर्व उत्तरांमागे एकच आग्रह आहे: रीडिंग कुठे, कसे आणि यंत्राच्या कोणत्या स्थितीत घेतले हे माहीत नसेल, तर तो आकडा नोंदवहीत जागा अडवतो, बाकी काही करत नाही.

१. माझ्या मीटरवर मायक्रॉन, मिमी/से आणि जी अशी तीन एकके दिसतात. नक्की काय मोजायचे?

तिन्ही एकके एकाच हालचालीची आहेत. मायक्रॉन म्हणजे भाग किती सरकतो (विस्थापन), मिमी/से म्हणजे किती वेगाने सरकतो (वेग) आणि जी म्हणजे त्या वेगात किती झपाट्याने बदल होतो (त्वरण). कंपनाची वारंवारता कमी असेल तर विस्थापन ठळक दिसते, जास्त असेल तर त्वरण ठळक दिसते आणि मधल्या मोठ्या पट्ट्यात वेग हे सर्वांत उपयोगी माप ठरते. म्हणून नेहमीच्या मोटर, पंप, ब्लोअर यांसाठी मिमी/से नोंदवावे आणि बेअरिंगच्या सुरुवातीच्या दोषासाठी त्याच बिंदूवर त्वरणही घ्यावे. १५०० आरपीएमला, म्हणजे २५ हर्ट्झला, ४.५ मिमी/से आरएमएस (वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) वेग म्हणजे सुमारे ८१ मायक्रॉन पीक-टू-पीक (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे) विस्थापन होते. मात्र सगळे कंपन त्या एकाच वारंवारतेचे असेल तरच हे रूपांतर खरे असते.

२. आरएमएस लिहावे की पीक?

पीक म्हणजे लहरीचे सर्वोच्च टोक. जुन्या नोंदी ज्यात आहेत तेच चालू ठेवावे आणि आकड्यापुढे ते स्पष्ट लिहावे. वेगाच्या आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानकांच्या) मर्यादा आरएमएसमध्ये दिलेल्या असतात, त्यामुळे नवी नोंदवही सुरू करताना आरएमएसच निवडावे. आरएमएसला १.४१४ ने गुणून पीक काढण्याची सवय अनेकांना असते. ते गणित फक्त शुद्ध साइन लहरीला लागू पडते. फुटत चाललेल्या बेअरिंगच्या ठोक्यांत खरे पीक त्यापेक्षा कितीतरी मोठे असू शकते.

३. सेन्सर यंत्रावर कुठे ठेवावा?

बेअरिंगच्या हाउसिंगवर, बेअरिंगपासून सेन्सरपर्यंत भरीव धातूचा जवळचा मार्ग असेल अशा जागी. मोटरच्या मागचे पंख्याचे पत्र्याचे झाकण, कपलिंग गार्ड, टर्मिनल बॉक्स आणि कूलिंग फिनची टोके या जागा वर्ज्य समजाव्यात, कारण तेथे पत्रा स्वतःच्याच लयीत थरथरत असतो आणि यंत्राच्या नावावर ते कंपन जमा होते. प्रत्येक बेअरिंगवर आडवी, उभी आणि शाफ्टच्या रेषेतली अशा तीन दिशा घ्याव्यात. वेळ कमी असल्यास शाफ्टच्या रेषेतली दिशा मोटर आणि पंपाच्या प्रत्येकी एका बेअरिंगवर घेतली तरी निभते. आडवी आणि उभी मात्र कुठेच सोडू नये.

बिंदूंना क्रमांक देताना नेहमी चालवणाऱ्या यंत्राच्या मोकळ्या टोकापासून सुरुवात करावी: मोटर एनडीई १, मोटर डीई २, पंप डीई ३, पंप एनडीई ४. (एनडीई म्हणजे मोकळे टोक, डीई म्हणजे कपलिंगकडचे टोक.) क्रम कारखानाभर एकच असला की रात्रपाळीचा माणूसही चुकत नाही.

४. बिंदूवर खूण करण्याची खरेच गरज आहे का? आमचे फिटर काका वीस वर्षे तेच पंप पाहतात.

गरज आहे, आणि ती काकांसाठी नसून त्यांच्या रजेच्या दिवसासाठी आहे. एका कारखान्यात ड्राफ्ट फॅनचे कंपन तीन महिने महिन्याआड चढत-उतरत होते. बेअरिंग मागवून झाले, कपलिंगचे अलाइनमेंट दोनदा झाले, तरी आकड्यांचा तो झोका थांबेना. अखेर दोन्ही पाळ्यांच्या माणसांना शेजारी उभे करून रीडिंग घ्यायला लावले, तेव्हा एकजण हाउसिंगवर आणि दुसरा त्याच्यापासून चार बोटांवर, रंगाचे पोपडे सुटलेल्या झाकणावर चुंबक लावत होता असे दिसले. फॅन बिचारा पहिल्यापासून ठीक होता. आम्हीही त्या तीन महिन्यांत एकदाही जागा पाहायला गेलो नव्हतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

खूण रंगाने करण्यापेक्षा पंचने करावी किंवा धातूची गोल चकती चिकटवावी. ओव्हरहॉलनंतर यंत्र रंगवले की रंगाची खूण पुसली जाते. चकतीविषयी प्रश्न ६ पाहा.

५. हाताने प्रोब दाबून घेतलेले रीडिंग चालते का?

एकूण वेगाचा अंदाज घ्यायला चालते. बेअरिंग आणि गिअरच्या दोषांसाठी चालत नाही. सेन्सर, त्याची पकड आणि यंत्र यांची मिळून एक स्प्रिंग बनते आणि तिच्या स्वतःच्या अनुनादापलीकडचे (ज्या वारंवारतेला ती आपोआप जोराने थरथरते, तिच्या पलीकडचे) कंपन सेन्सरपर्यंत नीट पोहोचत नाही. लांब प्रोब हाताने दाबल्यास हा अनुनाद साधारण २००० हर्ट्झच्या आसपास येतो, त्यामुळे ५०० ते १००० हर्ट्झच्या वरच्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. सपाट आणि स्वच्छ पृष्ठभागावर बसवलेला चांगला चुंबक साधारण २००० हर्ट्झपर्यंत भरवशाचा असतो आणि आटे पाडून बसवलेला स्टड त्याच्या कितीतरी पुढे जातो. सेन्सर बसवण्याच्या पद्धतींसाठी आयएसओ ५३४८ हे स्वतंत्र मानक आहे.

दुसरी अडचण हाताची आहे. दाब आणि कोन दर वेळी बदलतात, त्यामुळे एकाच माणसाचे सकाळचे आणि दुपारचे आकडेही जुळत नाहीत. प्रोबशिवाय गत्यंतर नसेल तर तो पृष्ठभागाला काटकोनात धरावा आणि नोंदीत ‘प्रोब’ असे लिहावे. ते रीडिंग पुढे चुंबकाच्या रीडिंगशी ताडून पाहू नये.

६. चुंबक लावण्याची योग्य रीत कोणती? आणि आमच्या पंपाचे केसिंग स्टेनलेस असल्याने चुंबक चिकटतच नाही, तेव्हा काय करावे?

चुंबक सरळ खट्‌दिशी सोडू नये. त्या धक्क्याने सेन्सरला शेकडो जी बसू शकतात. तो खराब झाला नाही तरी त्याच्या आतले इलेक्ट्रॉनिक्स काही सेकंद भांबावलेले राहते आणि त्या वेळचे रीडिंग खोटे येते. आधी एक कड टेकवावी, मग चुंबक हळूच कलवून पूर्ण बसवावा. बसल्यावर बोटाने हलवून पाहावे. डुगडुगत असेल तर खाली रंग, गंज, वाळलेले ग्रीस किंवा नंदेसरीकडे नेहमी आढळणारी रसायनाची पापडी असते; ती खरवडून काढावी. स्वच्छ धातूवर तेलाचा अगदी पातळ थर दिल्यास उच्च वारंवारतेचे कंपन अधिक चांगले पोहोचते. गोल हाउसिंगवर दोन पायांचा चुंबक वापरावा, मात्र त्याची वरची मर्यादा सपाट चुंबकापेक्षा कमी असते हे ध्यानात ठेवावे.

ऑस्टेनिटिक स्टेनलेस, ॲल्युमिनियम किंवा गनमेटलच्या केसिंगवर चुंबकाला पकडणारी, गंज न धरणारी स्टीलची सपाट चकती दोन भागांच्या इपॉक्सीने कायमची चिकटवावी. मऊ, रबरासारखा वाळणारा गोंद किंवा दुहेरी चिकटपट्टी वापरू नये; ती कंपन गिळते. चकती उष्ण केसिंगवर बसवायची असल्यास इपॉक्सीची तापमान मर्यादा आधी पाहावी.

७. रीडिंग घेताना यंत्र कोणत्या स्थितीत असावे?

दर वेळी त्याच स्थितीत. पंपाचा डिस्चार्ज व्हॉल्व्ह अर्धा बंद असताना घेतलेला आकडा पूर्ण उघड्या व्हॉल्व्हच्या आकड्याशी ताडता येत नाही, कारण पंप आपल्या नेमलेल्या प्रवाहापासून दूर गेला की इम्पेलरमधला प्रवाहच कंपन निर्माण करतो. म्हणून आकड्याबरोबर गती, मोटरचा अँपिअर, सक्शन आणि डिस्चार्ज दाब आणि बेअरिंगचे तापमान लिहावे. हे पाच आकडे लिहायला अर्धे मिनिट लागते आणि सहा महिन्यांनी निर्णय घेताना तेच उपयोगी पडतात.

थंड यंत्र चालू केल्याबरोबर मोजू नये. केसिंग तापून पसरते, अलाइनमेंट बदलते आणि ग्रीस आपल्या जागी बसते. तापमान स्थिरावेपर्यंत थांबावे. आपल्याकडे दिवाळीत बंद झालेले अनेक कारखाने लाभपंचमीला सुरू होतात आणि पूजा आटोपताच ‘एकदा सगळ्यांचे रीडिंग घेऊन टाका’ असा हुकूम निघतो. त्या सकाळचे आकडे सुरक्षिततेसाठी जरूर पाहावेत, पण ओव्हरहॉलनंतरची बेसलाइन (पुढचे आकडे ज्याच्याशी ताडायचे तो आधाराचा आकडा) म्हणून ते लिहू नयेत. यंत्र नेहमीच्या भारावर काही दिवस चालल्यावर बेसलाइन घ्यावी.

८. किती दिवसांनी रीडिंग घ्यावे?

साधारण यंत्रांना महिन्यातून एकदा पुरते. बदल दिसू लागला की आठवड्यावर यावे आणि तो वेगाने वाढत असेल तर रोज घ्यावे. ज्या यंत्राला जोडी नाही आणि जे थांबले की सारे उत्पादन थांबते, त्यावर कायमचा सेन्सर लावणे हाच मार्ग आहे.

९. ४.५ मिमी/से हे चांगले की वाईट?

यंत्र सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही. आयएसओ १०८१६-३ आणि त्याच्या जागी २०२२ मध्ये आलेले आयएसओ २०८१६-३ यांत यंत्राची शक्ती आणि पायाचा ताठपणा यांवरून अ (सर्वांत चांगला), ब, क, ड (धोक्याचा) असे चार विभाग पाडले जातात. १५ ते ३०० किलोवॅटच्या गटात ताठ पायावर या विभागांच्या सीमा १०८१६-३ प्रमाणे १.४, २.८ आणि ४.५ मिमी/से आरएमएस होत्या. लवचिक पायावर त्याच सीमा २.३, ४.५ आणि ७.१ होत्या. म्हणजे ४.५ हा आकडा काँक्रीटमध्ये भक्कम ग्राउट केलेल्या मोटरसाठी धोक्याच्या उंबरठ्यावरचा आहे आणि स्टीलच्या मचाणावरच्या मोटरसाठी दीर्घकाळ चालण्यायोग्य मर्यादेच्या कडेचा आहे. सेंट्रिफ्युगल पंपांसाठी आयएसओ १०८१६-७ हा वेगळा भाग आहे.

तक्त्याइतकेच महत्त्व बदलाला आहे. ब आणि क यांच्या सीमेच्या २५ टक्क्यांहून मोठा बदल मानकातही लक्षणीय मानला आहे आणि त्यात घटसुद्धा येते. वर्षभर २.० वर राहिलेले यंत्र अचानक १.१ झाले, तर आनंद मानण्याआधी सेन्सर, केबल आणि यंत्राचा भार तपासावा.

१०. एफमॅक्स, रेषांची संख्या आणि सरासरी यांची सेटिंग काय ठेवावी? आमच्या मीटरमध्ये जे आले तेच चालू आहे.

कारखान्यातून आलेली सेटिंग सर्व यंत्रांना पुरत नाही, आणि सर्वांत जास्त चुकीची निदाने येथेच होतात, म्हणून हे उत्तर लांब आहे.

स्पेक्ट्रम म्हणजे कंपन वारंवारतेनुसार वेगळे करून दाखवणारा आलेख. त्याची सर्वोच्च वारंवारता म्हणजे एफमॅक्स, आणि त्याचे जे समान तुकडे पडतात त्या रेषा. ती रेषांच्या संख्येने भागली की एका रेषेची रुंदी मिळते; उलट रेषांना एफमॅक्सने भागले की एका नमुन्याला लागणारे सेकंद मिळतात. १००० हर्ट्झ आणि १६०० रेषा घेतल्यास रुंदी ०.६२५ हर्ट्झ आणि वेळ १.६ सेकंद होतो. हॅनिंग विंडो (नमुन्याच्या दोन्ही कडा मऊ करणारी गणिती पद्धत) वापरल्यास दोन शिखरे वेगळी दिसण्यासाठी त्यांच्यात साधारण तीन रेषांचे अंतर लागते, म्हणजे येथे सुमारे १.९ हर्ट्झ.

आता २९६० आरपीएमची दोन ध्रुवांची मोटर घ्या. तिची गती ४९.३३ हर्ट्झ असते आणि दुप्पट ९८.६७ हर्ट्झ होते. आपल्या ग्रिडच्या ५० हर्ट्झची दुप्पट १०० हर्ट्झ. पहिले शिखर अलाइनमेंट किंवा ढिलेपणाकडे बोट दाखवते, दुसरे मोटरच्या विद्युत बाजूकडे, आणि दोघांत अंतर आहे अवघे १.३३ हर्ट्झ. १६०० रेषांत दोन्ही मिळून एकच जाड शिखर दिसते आणि बिनदिक्कत अलाइनमेंटचा जॉब कार्ड फाडला जातो. ३२०० रेषा घेतल्यास तीन रेषांचे अंतर ०.९४ हर्ट्झवर येते आणि ती दोन शिखरे सुटी होतात. त्यासाठी एका नमुन्याला ३.२ सेकंद लागतात. चार सरासऱ्या ५० टक्के ओव्हरलॅपने घेतल्या तर एकूण ८ सेकंद. एवढा वेळ देणे परवडते.

साध्या मोटर-पंपाला १००० हर्ट्झ, ३२०० रेषा आणि चार सरासऱ्या ही सुरुवात ठीक आहे. गिअरबॉक्ससाठी दातांची संख्या गुणिले शाफ्टची गती काढून त्याच्या किमान तिप्पट एफमॅक्स घ्यावा. बेअरिंगसाठी बाहेरच्या रेसची (बॉल जिच्यावर फिरतात त्या कडीची) दोष वारंवारता अंदाजे ०.४ गुणिले बॉलची संख्या गुणिले गती एवढी आणि आतल्या रेसची ०.६ पटीने येते. तिच्या अनेक पटी दिसतील इतकी मर्यादा ठेवावी. एफमॅक्स वाढवला की रेषाही वाढवाव्या लागतात, नाहीतर रुंदी वाढून वरचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

११. स्पेक्ट्रमच्या डाव्या टोकाला उतरत जाणारा डोंगर दिसतो. हा कोणता दोष आहे?

बहुतेक वेळा यंत्राचा नाही. त्वरणाचे वेगात रूपांतर करताना कमी वारंवारतेची लहानशी चूकही फुगते आणि तो उतार तयार होतो. चुंबक आपटला, सेन्सर गरम केसिंगवर ठेवल्याबरोबर मोजले, केबल हलत राहिली किंवा कॅव्हिटेशनच्या (पंपातल्या द्रवात वाफेचे बुडबुडे होऊन फुटण्याच्या) माराने सेन्सर आपल्या मर्यादेपलीकडे गेला, अशी त्याची कारणे असतात. सेन्सर बसवून दहा-पंधरा सेकंद थांबावे, केबल यंत्राला टेकवून स्थिर करावी आणि पुन्हा घ्यावे. तरीही उतार राहिला तर केबलची जोडणी पाहावी. असा उतार असलेला एकूण आकडा ट्रेंडमध्ये (काळानुसार बदल दाखवणाऱ्या नोंदीत) भरू नये.

१२. आकडा एका जागी थांबतच नाही. कोणता लिहू?

आधी तो कसा हलतो ते पाहावे. ठरावीक लयीत वर-खाली होत असेल तर शेजारचे यंत्र जवळजवळ त्याच गतीने फिरत असण्याची शक्यता असते. एका चौथऱ्यावर १४८२ आणि १४७६ आरपीएमचे दोन ब्लोअर असतील तर फरक मिनिटाला ६ चा आहे, म्हणजे दर १० सेकंदांनी आकडा फुगेल आणि ओसरेल. अशा वेळी निदान तीन-चार झोके पाहून कमाल आणि किमान दोन्ही लिहावेत, आणि शक्य असल्यास एक ब्लोअर थांबवून पुन्हा मोजावे. लय नसलेल्या उसळ्या येत असतील तर कॅव्हिटेशन, बदलता भार किंवा सैल जोडणी यांचा विचार करावा.

१३. बंद असलेल्या स्टँडबाय पंपावरही १ मिमी/से दिसते. मीटर बिघडला का?

नाही, ते शेजारच्या चालू पंपाचे कंपन पाया आणि पाइपमधून येत आहे. ते जरूर नोंदवावे, कारण चालू यंत्राच्या आकड्यात परक्याचा वाटा किती हे त्यावरून कळते. मात्र चालू आकड्यातून ते सरळ वजा करू नये. कंपने साध्या बेरीज-वजाबाकीने मिळत नाहीत. पार्श्वभूमीचे कंपन चालू आकड्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त असेल तर शेजारी थांबवूनच मोजावे.

थांबलेल्या बेअरिंगला हे कंपन बाधतेही. बॉल एकाच जागी रेसवर घासत राहून तेथे खळगे पडतात आणि जोडीतला ‘नवा’ पंप चालू करताच आवाज करू लागतो. शाफ्ट अधूनमधून फिरवून वेगळ्या कोनात ठेवणे आणि दोन्ही पंप आलटून पालटून चालवणे हा त्यावरचा उपाय आहे.

१४. व्हीएफडीवरच्या (गती बदलणाऱ्या ड्राइव्हवरच्या) मोटरचे रीडिंग दर महिन्याला वेगळे येते.

गतीच वेगळी असेल तर आकडाही वेगळा येणारच. प्रोसेसवाल्यांशी बोलून रीडिंगपुरती एक गती ठरवून घ्यावी. ते जमत नसेल तर प्रत्येक गतीपट्ट्याचा वेगळा ट्रेंड ठेवावा. एखाद्या गतीला आकडा एकदम चढत असेल आणि पुढे पुन्हा उतरत असेल, तर तेथे चौथऱ्याचा किंवा फ्रेमचा अनुनाद असण्याचा संभव आहे. विद्युत कारणाचे शिखर व्हीएफडीवर १०० हर्ट्झला शोधू नये. ड्राइव्ह ४० हर्ट्झ देत असेल तर ते ८० ला असते. सेन्सरची केबल मोटरच्या पॉवर केबलपासून दूर ठेवावी.

विद्युत की यांत्रिक अशी शंका असल्यास सर्वांत साधी परीक्षा थेट ग्रिडवरच्या मोटरवर घेता येते: स्पेक्ट्रम पाहत असताना पुरवठा तोडावा. शिखर त्याच क्षणी नाहीसे झाले तर कारण विद्युत, गतीबरोबर हळूहळू उतरले तर यांत्रिक.

१५. रिॲक्टरचा ॲजिटेटर (ढवळणी) ६० आरपीएमने फिरतो. नेहमीचीच रीत चालेल का?

चालणार नाही. वर सांगितलेला आयएसओचा तक्ता १२० आरपीएमखाली लागू नाही आणि अनेक मीटर १० हर्ट्झखालचे कापून टाकतात. येथे मीटरची खालची मर्यादा तपासावी, अधिक संवेदनशील सेन्सर वापरावा आणि एका नमुन्यात निदान दहा-पंधरा फेरे येतील इतका वेळ द्यावा. गिअरबॉक्सच्या इनपुट बाजूची गती मोठी असल्याने तेथे मात्र नेहमीचे रीडिंग घ्यावे.

१६. उभे पंप, स्लीव्ह बेअरिंग आणि रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसर यांना वेगळे नियम आहेत का?

आहेत. उभ्या पंपात सर्वांत जास्त हालचाल मोटरच्या माथ्यावर होते. एक दिशा डिस्चार्ज पाइपच्या रेषेत आणि दुसरी तिला काटकोनात घ्यावी. स्लीव्ह बेअरिंगमध्ये शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगतो, त्यामुळे जड केसिंग शांत असतानाही आतला शाफ्ट खूप हलत असू शकतो. तेथे शाफ्टकडे पाहणारे प्रॉक्सिमिटी प्रोबच खरे सांगतात. रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसरांसाठी आयएसओ २०८१६-८ आहे. त्यांना मोटरचा तक्ता लावून घाबरू नये.

१७. मोबाइलवरचे ॲप वापरले तर?

फोनचा सेन्सर सेकंदाला साधारण काहीशे नमुने घेतो, त्यामुळे त्याच्या निम्म्या वारंवारतेपलीकडचे त्याला दिसतच नाही. बेअरिंगचा दोष तर त्याच्या दृष्टीच्या पार बाहेर असतो. शिवाय फोन यंत्रावर घट्ट बसत नाही. कूलिंग टॉवरचा पंखा असंतुलित आहे का, एवढी शंका येण्यापुरते ठीक आहे. त्या आकड्यावर बेअरिंग बदलू नये.

१८. मीटर बरोबर दाखवतो हे कसे समजावे?

वर्षातून एकदा एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून कॅलिब्रेशन करून घ्यावे, पण दोन कॅलिब्रेशनच्या मधल्या काळासाठी हातात मावणारा शेकर उपयोगी पडतो. त्यांतले बरेच १५९.२ हर्ट्झवर १ जी देतात. ही विचित्र वारंवारता मुद्दाम निवडलेली आहे: तेथे कोनीय वेग सेकंदाला १००० रेडियन होतो, त्यामुळे ९.८१ मी/से² आरएमएस त्वरण दिले की वेग ९.८१ मिमी/से आणि विस्थापन ९.८१ मायक्रॉन दिसते. तिन्ही एककांची तपासणी एकाच आकड्यात होते. शेकर नसल्यास एक निरोगी, स्थिर भाराचे यंत्र ‘साक्षीदार’ ठरवून दर फेरीच्या सुरुवातीला त्याचे रीडिंग घ्यावे.

सेन्सरचा बायस व्होल्टेजही (त्याच्या तारेवर कायम असणारा डीसी व्होल्टेज) पाहावा. बहुतेक सेन्सरमध्ये तो ८ ते १२ व्होल्ट असतो. शून्याजवळ असल्यास केबल शॉर्ट आहे, पुरवठ्याइतका असल्यास कुठेतरी तुटली आहे.

१९. सॉल्व्हंट असलेल्या विभागात हा मीटर नेता येतो का?

त्या विभागासाठी प्रमाणित असलेला मीटर, सेन्सर आणि केबल असेल आणि परमिट असेल तरच. हातात साधे उपकरण असल्यास बाहेरच थांबावे. सर्वत्र पाळायच्या गोष्टी: केबल मनगटाला गुंडाळू नये, ओढणी किंवा सैल बाही फिरत्या शाफ्टजवळ नेऊ नये, गार्ड काढून रीडिंग घेऊ नये आणि पेसमेकर असलेल्या सहकाऱ्याने जोरदार चुंबक हाताळू नये.

२०. बाहेरून आलेल्या एजन्सीचा आणि आमचा आकडा जुळत नाही. कोणाचे खरे मानावे?

दोन्ही खरे असू शकतात. आधी एकक, आरएमएस की पीक, वारंवारतेचा पट्टा, बिंदू, सेन्सरची पकड आणि यंत्राचा भार जुळवून पाहावा (प्रश्न २, ३, ५ आणि ७). त्यांनी १० ते १००० हर्ट्झ घेतले आणि तुम्ही २ ते ५००० घेतले असतील, तर फरक येणारच.

हे सारे जुळूनही फरक उरला तर स्वतःची पुनरावृत्ती तपासावी. एकाच बिंदूवर चुंबक काढून पुन्हा लावत पाच रीडिंग घ्यावीत, मग तेच दुसऱ्या माणसाकडून करवावे. समजा दहा आकडे २.६ ते ३.० मध्ये आले, तर तुमच्या हातांची विखुरण ०.४ आहे आणि त्या बिंदूवर त्याहून लहान चढ-उताराला यंत्रातला बदल म्हणता येत नाही. ही विखुरण प्रत्येक महत्त्वाच्या यंत्राच्या कार्डावर बेसलाइनशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवावी. नवा माणूस आला किंवा चुंबक बदलला की ती परीक्षा पुन्हा करून आकडा खोडून नवा लिहावा.